ज्या मोसमाचं त्या मोसमात

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्यापासून आगमनकाळ. नाताळाआधीचे चार आठवडे. दर वर्षी हे आठवडे केक चाखण्यात आणि पडदे धुण्यात जातात. या वर्षी तसं होणार नाही. ठरलं.

संकल्प: या मोसमात जमिनीतून जे उगवतं तेवढंच खायचं. डबाबंद, गोठवलेलं, लांबून बोटीत बसून आलेलं, सगळं बंद. देवानं मोसम काहीतरी विचार करूनच केले असतील. उन्हाळ्यातलं फळ मी डिसेंबरात खातो म्हणजे त्याच्या टाइमटेबलमध्ये नाक खुपसतो. हा विचार ऑफिसात सुचला. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात मी फोन घेतो. एक बाई नळाला पाणी नाही म्हणून ओरडत होत्या. आपली तक्रार नोंदवली आहे असं त्यांना सांगितलं आणि पॅडवर संकल्प नोंदवला. तक्रार राहिली. सोमवारी बघू.

उपक्रमाचं नाव: ज्या मोसमाचं त्या मोसमात.

बायकोनं विचारलं की कॉफी कुठल्या मोसमात उगवते. कॉफी हे पेय आहे, खाणं नव्हे, असं तिला शांतपणे समजावलं. ती कप विसळायला गेली. बहुतेक पटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं की हिवाळी सेवा कोण बघणार. म्हणजे दोन कामं. बुधवारच्या पहाटेच्या प्रार्थनेनंतर मंडळीला काहीतरी गरम प्यायला द्यायचं, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी खाऊची खोकी भरायची. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. माझा हात वर गेला. मागच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली मिळाली.

मग संकल्पही जाहीर केला. उभं राहूनच. पाळकसाहेब म्हणाले की छान, नाताळच्या आदल्या संध्याकाळी यावर साक्ष द्या, म्हणजे सगळ्यांसमोर अनुभव सांगा, पाच मिनिटं. पाच कमी आहेत. बाराची तयारी करतो, बोलायच्या ओघात कोण अडवतंय.

१ डिसेंबर, सोमवार

सासूबाई दोन महिने आमच्याकडे आहेत. निमोनिया झाला होता. तो गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. चमचाभर भात, अर्धी पोळी, की ताट बाजूला. डॉक्टर म्हणतात की वजन उतरतंय, त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. नाताळापर्यंत सुधारणा नसेल तर ॲडमिट करावं लागेल. सासूबाईंना नेमकं तेच नको आहे. त्या मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. उभ्या आयुष्यातले नाताळ वॉर्डात ड्यूटीवर गेले, या वेळी घरात बसून गाणी ऐकायची आहेत म्हणतात.

आज आपण होऊन म्हणाल्या की पाकातले पीच खावेसे वाटतात. डब्यातले. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बरा व्हायला लागला की डॉक्टर त्याच्या जेवणात पीच लिहायचे. वाटी आली की सगळ्या वॉर्डाला कळायचं की हा आता घरी जाणार.

मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना नीट समजावलं. मम्मी, डबा म्हणजे अविश्वास. बायबलातल्या रानात आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडायचं ते रोजच्या रोज खायचं होतं, साठवलं की किडे पडायचे. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मनन करत असाव्यात. बायको स्वयंपाकघरात म्हणाली की आई मनन करत नव्हती, तुम्ही कधी थांबता याची वाट बघत होती.

रात्री बीट, मुळा आणि कोबीचं सूप केलं. मोसमातलं. सासूबाईंनी वास घेतला आणि वाटी खाली ठेवली. मीही अर्धंच घेतलं, त्यांना एकटं वाटू नये म्हणून.

३ डिसेंबर, बुधवार

पहाटेची प्रार्थना. कडाक्याची थंडी. माझा आगमन-उकाळा: सफरचंद, आलं, लवंग, दालचिनी, मिरी, आणि रंग यावा म्हणून बीट. वाढण्याआधी दोन शब्द बोललो. ऊब ही देवाची, कप हे निमित्त, वगैरे. बोलणं जरा लांबलं. तोवर उकाळा कोमट झाला, पण अर्थ पोचला.

सगळे कप घेऊन दाराकडे गेले आणि रिकामे कप परत आले. एक थेंब उरला नाही. पुढच्या बुधवारी दुप्पट करायचा.

दारातल्या कुंड्यांमधली माती फार ओली होती. पाणी कोण घालतं इतकं, थंडीत? पाण्याची नासाडी मला बघवत नाही, हा आमच्या खात्याचाच विषय आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

ऑफिसातून परस्पर चर्चच्या मागच्या खोलीत गेलो. घडीच्या खुर्च्या, चादर घातलेला पियानो, वायरींची भेंडोळी, आणि कपाट. उघडलं. लोकांनी खोक्यांसाठी काय दिलंय बघतो तर डबेच डबे. पीच, अननस, मटार, मका. मी संकल्प जाहीर करून आठवडाही झाला नाही आणि मंडळीनं डबे आणून दिले! मन खट्टू झालं.

निर्णय: खोक्यांत डबे जाणार नाहीत. त्याऐवजी बीट, गाजर, कोबी, भोपळा. काढलेल्या डब्यांचं काय करायचं ते सावकाश ठरवू. तोवर माझ्या देखरेखीखाली.

५ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर खाण्याचेच विचार. तोंडाला बीटची चव, जिभेला बीटचा रंग. आज एका तक्रारदाराला म्हणालो की आपली भूक नोंदवली आहे. त्यांनी फोन ठेवला.

समोरच्या टेबलावर मफलर बसतो. बारा महिने मफलर घालतो म्हणून हे नाव, त्याला माहीत नाही. आज त्यानं डब्यात परदेशातून आलेल्या स्ट्रॉबेऱ्या आणल्या होत्या, लालबुंद. एक पुढे केली. मी त्याला मोसम, माती आणि निर्मात्याची योजना यांबद्दल थोडक्यात सांगितलं. जेवणाची सुट्टी संपली तेव्हा त्यानं डब्याला झाकण लावलं. खाल्ल्या नाहीत. एका माणसात तरी बदल झाला.

नंतर त्या टेबलाखाली एक पडलेली सापडली. फेकून दिली. (फेकून दिली नाही. ही वही मीच वाचणार आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. धुऊन खाल्ली. थोडी लाज वाटली.)

६ डिसेंबर, शनिवार

कपाटाची तपासणी. पिचच्या एका डब्याला पोचा होता. पोचा आलेला डबा म्हाताऱ्या माणसांना देणं धोक्याचं. कुणाला काही झालं तर चर्चचं नाव जाईल. नष्ट करणं भाग होतं. ओपनर कपाटातच होता.

नष्ट करताना एक फोड नमुना म्हणून चाखली. माल चांगला होता. मग उरलेला टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान.

पियानोच्या मागे उभं राहून खाल्ले. का मागे, कळत नाही. खोलीत कोणी नव्हतं. पाक पिताना डोळे मिटले होते. उघडल्यावर कपाटाच्या काचेत तोंड दिसलं, हनुवटीवर थेंब. लगेच पुसलं. बरं वाटलं नाही.

हा एक अपवाद. पोच्यामुळे.

९ डिसेंबर, मंगळवार

आज एक डबा हातातून पडला. पोचा आला.

१० डिसेंबर, बुधवार

उकाळा दुप्पट केला. पुन्हा थेंब उरला नाही. दारातली दोन रोपं मात्र माना टाकून पडली आहेत. थंडी.

पाळकीणबाई हळूच म्हणाल्या की पुढच्या वेळी साधं गरम दूध दिलं तर चालेल का, म्हाताऱ्यांना झेपतं. त्यांना समजावलं की दूध मोसमाचं नसतं. म्हणजे बारमाही असतं, त्यामुळे त्यात संदेश नाही. त्या बरं म्हणाल्या. चांगल्या आहेत, पण दूरदृष्टी कमी.

घरी येताना कपाटावरून आलो. एका डब्याला पोचा यायची शक्यता आहे असं वाटलं.

११ डिसेंबर, गुरुवार

एक गोष्ट लक्षात आली. मी संध्याकाळी घरात शिरलो की सासूबाई उशीवरून मान वर करतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात की काही आणलंत का. मी म्हणतो, हो मम्मी, कोबी. मग मान परत उशीवर. हे रोज चाललंय. आठवड्यापूर्वी मी आलो-गेलो तरी त्यांना पत्ता नसायचा. संकल्पाचा परिणाम असावा. घरात आदर वाढतोय.

आज त्यांचा हात धरून बाथरूमपर्यंत नेलं. हाताला वजनच नव्हतं. जाताना भिंतीला टेकून थांबल्या आणि म्हणाल्या की जावईबापू, मला नाताळला वॉर्डात नका पाठवू हो. मी म्हणालो की छे, सूप घ्या, सगळं ठीक होईल.

माझ्या स्वेटरच्या बाहीला काहीतरी चिकट लागलेलं होतं. ती बाही पाठीमागे धरून चाललो.

१३ डिसेंबर, शनिवार

पाळकीणबाई चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या. म्हणाल्या की कपाट नीट सांभाळा हं, या वर्षी कोणीतरी फार मनापासून काही दिलंय. आणि हसल्या. मी भाजी आणतोय ते त्यांना कळलं तर! मी म्हणालो की आपलं कर्तव्यच आहे.

साक्षीचा मसुदा तयार. सोळा मिनिटं होते. एक वाक्य चांगलं जमलंय: माझ्या उंबऱ्याच्या आत एकही डबा आला नाही. शब्दशः खरं आहे. तरी आरशासमोर म्हणताना दर वेळी तिथेच अडखळतो. सवय नाही, दुसरं काही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी डॉक्टर येऊन गेले. वजन आणखी उतरलंय. म्हणाले की पुढच्या आठवड्याच्या शेवटी बघू, नाहीतर ॲडमिट. काय खातात ते विचारलं. बायको म्हणाली की यांना विचारा. मी म्हणालो की मोसमातलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच चष्मा पुसावासा वाटला.

ते गेल्यावर लेकीनं मला गाठलं. कॉलेजला आहे, तोंड चालतं. म्हणाली की पप्पा, आजीला एक डबा आणा ना, एकच तर मागतेय. मी म्हणालो की बेटा, साक्ष द्यायची आहे, लोकांसमोर शब्द दिलाय, आता घरात डबा आणला तर मी कुठल्या तोंडानं बोलू? तिनं विचारलं की साक्ष कोणासाठी देताय. देवासाठी, म्हणालो. ती म्हणाली की मग त्याला पाच मिनिटांत कळेल. अभ्यासाला पाठवलं.

नंतर बायको मोठ्यानं भांडी घासत होती. ती भांडत नाही, भांडी घासते. मी म्हणालो की तुला आणायचा असेल तर आण बाई, मी काही तुझा हात धरलेला नाही. ती म्हणाली की आणला असता, पण तुम्ही टोपली तपासता. आणि आईसमोर पुन्हा भाषण देता. तिला उपाशी राहण्यापेक्षा त्या भाषणाची जास्त धास्ती आहे.

मी टोपली तपासतो ते लेबलं वाचायला.

खरं सांगायचं तर आज लाज वाटली. खरोखरची. सासूबाई आतल्या खोलीत पीच मागतायत आणि मी कपाटात... लिहवत नाही. संकल्प: आजपासून कपाटाकडे फिरकायचं नाही. आणि उद्या सासूबाईंसाठी एक डबा आणायचा. साक्षीत त्याला अपवाद म्हणून बसवता येईल. आजारपण, दया, वगैरे. उलट साक्ष जास्तच भावपूर्ण होईल.

१५ डिसेंबर, सोमवार

डबा आणायचं विसरलो. काम होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

डबा आणायला निघालो होतो. दुकानाच्या दारात चर्चमधली दोन माणसं भेटली. मोसमी भाऊ आले, असं म्हणाली. प्रेमानं म्हणाली. त्यांच्यासमोर डब्यांच्या फळीला हात कसा लावणार? मुळा घेऊन बाहेर पडलो.

मन फार उदास होतं. कपाटाची किल्ली खिशात होती, तिचं ओझं झालं होतं म्हणून चर्चला गेलो. उद्देश किल्ली टांगून यायचा. पण शेवटचं एकदा बघावं म्हणून उघडलं. पिचचे सगळे डबे संपलेले. उगाच नाही म्हणत मी, कुणीतरी नीट हिशेब ठेवायला हवा. मग अगदी मागे, वेगळा ठेवलेला एक मोठा डबा दिसला. त्याला लाल रिबन बांधली होती. दानाला रिबन कशाला? दान गुपचूप करावं. अशा दिखाऊपणाला खोक्यात जागा देणं बरोबर नाही.

रिबन नीट घडी करून खिशात ठेवली.

पोचा नव्हता. आता खोटं लिहून काय करू? पोचा नव्हता.

घरी सासूबाईंनी मान वर केली. आज काही विचारलं नाही. नुसतं बघितलं आणि भिंतीकडे वळल्या. थकल्या असतील.

१७ डिसेंबर, बुधवार

उकाळा. दारातली सगळी रोपं गेली. पाळकसाहेब उकरून टाकत होते. मातीला दालचिनीचा वास येतो म्हणाले. मी कप गोळा करायला लागलो. सकाळभर कानशिलं गरम होती.

१९ डिसेंबर, शुक्रवार

खोकी भरली. प्रत्येकात बीट, गाजर, कोबी, भोपळ्याची चकती. दिसायला एकदम पवित्र. यादीत सासूबाईंचंही नाव आहे, त्या बाहेर पडत नाहीत ना. घरचं माणूस म्हणून पक्षपात करायचा नाही असं ठरवलं होतं, तरी त्यांच्या खोक्यात कोबी मोठा घातला. मला त्यांची काळजी आहे, हे कोणी बघत नाही.

बायको दोन दिवस खुशीत आहे. आईचे केस धुऊन दिले, स्वच्छ शाल काढली. म्हणाली की उद्या चर्चचं खोकं येणार. लेकही गालात हसत होती. एका खोक्याचं एवढं काय? पण बरं वाटलं. घरानं माझं काम मनावर घेतलं.

२० डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. लिहितो.

संध्याकाळी तरुण संघाची मुलं गाणी म्हणत दारात आली, सोबत पाळकसाहेब आणि पाळकीणबाई. सासूबाईंना खुर्चीत बसवलं होतं. शाल, विंचरलेले केस. गाणं झालं, खोकं मांडीवर ठेवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलं. कोबी काढला. बीट काढलं. गाजरं काढली. भोपळा काढला. मग तळाशी हात फिरवत राहिल्या. कागद उचलून खाली बघितलं.

बायको म्हणाली की आई, नीट बघ, असेल. आणि स्वतः वाकून बघू लागली.

पाळकीणबाई म्हणाल्या की असं कसं, मी स्वतः कपाटात ठेवला होता, चुकून दुसऱ्याच्या खोक्यात जाऊ नये म्हणून लाल रिबन बांधून.

मग सगळं कळलं. घरात डबा आणला तर माझं भाषण होईल, म्हणून बायकोनं तो पाळकीणबाईंकडे दिला होता. चर्चमधून आला की मला नाही म्हणता येणार नाही. दानाच्या खोक्यातून आलेल्या डब्याला मी काय बोलणार? ही सगळी खटपट माझ्यापासून लपवून. आईला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, की शनिवारी पीच येतायत, तोवर दोन घास जास्त खा. आणि त्या खात होत्या. शनिवारच्या भरवशावर.

सगळे माझ्याकडे बघत होते. किल्ली माझ्याकडे होती.

मी म्हणालो की उंदीर असेल.

डबा टिनचा होता हे नंतर लक्षात आलं. एका मुलाला हसू आवरलं नाही. बाकी कोणी हसलं नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. कुणीतरी अनोळखी माणूस घरात शिरल्यासारखं बघत होती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. फार छोटी. मंडळी गेली. जाताना मुलांनी गाणं म्हटलं नाही.

सासूबाई म्हणाल्या की मला आत न्या.

२१ डिसेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. सर्दी आहे असं सांगितलं. कोणी खरी का विचारलं नाही.

दुपारी सासूबाईंनी बोलावलं. आवाज अगदी बारीक झालाय. म्हणाल्या की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वॉर्डात जन्म गेला, पिचचा पाक मला दारातून कळतो. तुमच्या बाहीला यायचा. मी विचारलं की मग बोलल्या का नाहीत. त्या म्हणाल्या की मला वाटायचं, स्वतः खातायत म्हणजे आता डब्याचं वावडं राहिलं नाही; एखाद दिवशी माझ्यासाठीही घेऊन येतील. म्हणून रोज विचारायचे.

मी तिथे उभा होतो. शरमेनं मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच. पायांकडे बघत राहिलो. मोज्याला भोक होतं.

बाहेर येऊन बराच वेळ चपलांच्या स्टँडजवळ बसलो. तिथे कोणी येत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी डॉक्टर आले. रात्रीपासून सासूबाईंना पाणीही जात नव्हतं. दुपारी ॲडमिट केलं. गाडीत बसताना त्यांनी घराकडे एकदा वळून बघितलं. मी दार बंद करत होतो. कुलूप लागेना.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. किल्ली टेबलावर ठेवली आणि सांगितलं की मी साक्ष देण्याच्या लायकीचा नाही, नाव काढून टाका. मनात होतं की ते उठतील, खांद्यावर हात ठेवतील, म्हणतील की आता तर तुम्ही द्यायलाच हवी. (हे मी खरंच वाटेत ठरवून गेलो होतो. पश्चात्तापाचं वाक्यही तयार होतं.) ते जरा ओशाळले. म्हणाले की कार्यक्रम फार लांबत होता, तुमची साक्ष आम्ही मागेच काढली. तुम्हाला सांगायचं राहिलं.

मग मी डब्यांचं सगळं सांगितलं. सगळे डबे, पोचा असलेले आणि नसलेले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की खोकी घेऊन गेलेली मुलं सांगत होती, एका आजोबांनी ते कच्चं बीट हातात धरून विचारलं की मला दात नाहीत, याचं मी काय करू. एवढंच म्हणाले आणि आत जाऊन माझ्यासाठी दूध गरम करायला सांगितलं. ते दूध गिळलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

डबा शोधतोय. सणाची गर्दी, फळ्या रिकाम्या. अननस आहे, चेरी आहे, पीच नाहीत. एका दुकानदारानं सांगितलं की या दिवसांत पीच पहिले संपतात. मोसमच आहे त्यांचा, म्हणाला.

ऑफिसात मफलरला विचारलं. ज्याच्या स्ट्रॉबेऱ्यांवर मी झाकण पाडलं, त्याच्यासमोर उभा राहून विचारलं की तुझ्याकडे घरी पिचचा डबा असेल का. सगळा सेक्शन ऐकत होता. त्यानं का वगैरे विचारलं नाही. बायकोला फोन केला. मग म्हणाला की दोन आहेत, दोन्ही न्या. जरा टोमणा मारला असता तर माझं ओझं हलकं झालं असतं.

संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आणले. घरात तो मफलर घालत नाही. गळ्यावर भाजल्याचा मोठा व्रण आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

दवाखान्यात जाऊ दिलं नाही. आज फक्त एकाच माणसाला भेट, आणि बायको आधीच आत होती. डब्यांची पिशवी तिच्याकडे द्यावी म्हणून खालून फोन केला, तर ती म्हणाली की तुम्हीच द्या, उद्या. मी यात पडणार नाही.

चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. कार्यक्रम वेळेत संपला. बाहेर पाळकीणबाई दूध देत होत्या. नुसतं गरम दूध, साखर घालून. सगळे तिथेच उभे राहून पीत होते, कोणी दाराकडे गेलं नाही. मी रांगेत उभा राहिलो नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

वॉर्डात गेलो. हाताला सलाइन, तरी सासूबाईंचं लक्ष नर्सांवर. चादरीचा कोपरा नीट खोचला नाही म्हणून एकीला सांगत होत्या. म्हणजे पूर्वीसारख्याच. मला फार आशा वाटली.

पीच वाटीत काढून नेले होते. चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं, अर्धी फोड घेतली, बराच वेळ तोंडात धरली आणि रुमालात काढली. म्हणाल्या की नको हो. ती इच्छा गेली आता. तेव्हा खाल्ले असते.

मी म्हणालो की मम्मी, माझं चुकलं. फार चुकलं. त्या म्हणाल्या की हो. आणि मग म्हणाल्या की वाटी अशी हातात धरून बसू नका, त्या शेजारच्या कॉटवरच्या बाईंना द्या. आज पहिल्यांदा उठून बसल्यात.

दिली. त्या बाईंनी आधी हात जोडून देवाचे आभार मानले आणि सगळी वाटी संपवली, पाकासकट. तोंड पुसून त्यांनी विचारलं की हे कोण.

सासूबाईंनी माझी ओळख करून दिली. म्हणाल्या की आमचे जावई. चर्चमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या खाण्यापिण्याचं हेच बघतात.

त्या बाई म्हणाल्या की देव भलं करो. मी वाटी धुवायला गेलो.